रॅप अल्बमच्या मुलाखती : आवाजाबद्दलही विचारा

महोदय,

गाजलेले रॅप अल्बम त्यांच्याच कलाकारांसोबत उलगडणाऱ्या मुलाखती हव्यातच. पण बहुतेक प्रश्न भांडणांभोवती फिरतात, आवाज कसा घडला ते राहूनच जाते. १९८७ साली आलेल्या एसपी-१२०० या सॅम्पलरमध्ये, म्हणजे जुन्या गाण्यांचे तुकडे टिपून पुन्हा वाजवणाऱ्या यंत्रात, जेमतेम १० सेकंदांचा आवाज मावायचा. म्हणून मिनिटाला ३३ फेऱ्यांची तबकडी ४५ फेऱ्यांवर वाजवून तुकडा कमी वेळात टिपायचा आणि यंत्रात पुन्हा संथ करायचा. त्यातून उतरलेली १२ बिटांच्या, म्हणजे कमी बारकाव्याच्या, डिजिटल नोंदीची खरखर हीच त्या काळाची ओळख ठरली!

दुसऱ्यांच्या गाण्यांतले तुकडे वापरायच्या परवान्यांचा गुंताही विचारायलाच हवा. त्यापायीच डे ला सोल या अमेरिकी रॅप गटाचा १९८९ चा पहिला अल्बम स्ट्रीमिंगवर यायला २०२३ उजाडले.

मुलाखतीत मूळ ट्रॅक सुटे करून एकेक ऐकवावेत. आठवण दगा देते. नुसता ड्रम कानावर पडला की तपशील आपोआप निघतात. मात्र हे ट्रॅक असलेली जुनी टेप थेट मशीनवर चढवू नका. त्या काळच्या काही टेपांचा थर ओलावा धरून चिकट होतो आणि मशीनच्या हेडवर (टेप वाचणाऱ्या भागावर) खरवडला जातो. अशी टेप जाणकाराकडून सुमारे ५० अंशांवर काही तास शेकून घ्यावी, आणि लगेच डिजिटल प्रत काढावी. शेकण्याचा हा गुण फार दिवस टिकत नाही.

– दोन ध्वनिमुद्रक