लाखेच्या तबकडीला स्पिरिट नको

संपादक महोदय,

घरातल्या जुन्या ग्रामोफोन तबकड्या पुन्हा ऐकू पाहणाऱ्यांसाठी आपल्या रविवार पुरवणीत लेख आला, हे छानच झालं. पण त्यातला एक सल्ला ताबडतोब दुरुस्त व्हायला हवा. कापसावर स्पिरिट घेऊन तबकडी पुसावी, असं त्यात म्हटलं आहे. नंतरच्या काळातल्या प्लास्टिकच्या एलपीला ते एक वेळ चालेल, मिनिटाला ७८ फेऱ्यांनी वाजणाऱ्या जुन्या तबकडीचा, म्हणजे ७८ च्या तबकडीचा, मात्र त्याने नाश होतो.

७८ ची तबकडी लाखेची असते. लाख, दगडाची बारीक पूड आणि रंगासाठी काजळी असा तो मसाला. फर्निचरला पॉलिश करणारा कारागीर चपडा, म्हणजे पापुद्र्यांची लाख, स्पिरिटमध्येच विरघळवतो, हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना पुढचं सांगायला नको. स्पिरिटचा बोळा फिरला की चकाकी जाते, खाचांच्या कडा झिजतात आणि बोळा काळा होतो. तो काळा रंग तबकडीचाच असतो; लोक त्याला मळ समजून आणखी जोरात घासतात! सॅनिटायझर आणि कोलनवॉटरही याच कारणासाठी वर्ज्य.

तबकडी कशाची आहे हे कळायला तिच्या कडेवर नख वाजवावं. लाखेची कपबशीसारखी टणटणीत वाजते, एलपीचा आवाज बद्द येतो. वाकवून बघू नये. लाखेची वाकत नाही, तुटते.

धुवायला लिटरभर गार डिस्टिल्ड वॉटर आणि त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एखाददुसरा थेंब पुरतो. मऊ ब्रश खाचांच्या दिशेने, म्हणजे गोल फिरवावा, आडवा नाही. मधलं कागदी लेबल कोरडं ठेवायचं. त्याचा रंग सुटतो, आणि तबकडीची ओळख सांगणारा छापील पुरावा तेवढाच असतो. मग साध्या डिस्टिल्ड वॉटरने साबण काढून, सुती कापडाने टिपून, सावलीत उभी वाळवावी. भिजत घालू नये. गरम पाणी आणि ऊनही नको, लाख मऊ पडून तबकडी वेडीवाकडी होते. तडा गेलेली असेल तर पाणी आत शिरतं, म्हणून ती कोरड्या ब्रशनेच झटकावी.

चावीच्या ग्रामोफोनची पोलादी पिन तबकडीची एकच बाजू वाजवून टाकून द्यावी. हा कंपन्यांचा पिना खपवण्याचा डाव नव्हता. तबकडीतली दगडाची पूड पहिल्या काही फेऱ्यांत पिनेचं टोक घासून खाचेच्या मापाचं करते. तीन मिनिटांत त्या टोकाला धार येते, आणि तीच पिन दुसऱ्या बाजूवर ठेवली की ती पटाशीसारखी खाच तासत जाते. तबकडी करडी दिसू लागली की समजावं, हे झालेलं आहे.

हल्ली मिळणाऱ्या पेटीवजा स्वस्त प्लेअरवर ७८ चा खटका असतो, पण सुई बहुधा एलपीची. ७८ ची खाच बरीच रुंद. तिला साधारण ७५ मायक्रॉन टोकाची सुई लागते, स्टीरिओ एलपीची त्याच्या चौथाईएवढी. बारीक सुई खाचेच्या तळाशी लोळते आणि तळातली घाण तेवढी ऐकवते. आपल्या कार्ट्रिजला, म्हणजे सुई जिथे बसते त्या भागाला, बसणारी ७८ ची वेगळी सुई मिळते का, हे प्लेअर घेण्याआधी विचारावं. शिवाय या तबकड्या मोनो, म्हणजे एकाच चॅनेलच्या, आहेत. दोन्ही चॅनेल एकत्र केले की खरखर बरीच घटते, कारण सुईच्या वर-खाली हालचालीतून येणारा आवाज परस्पर कटतो.

वेगाचं प्रकरण जास्त नाजूक. १९२५ च्या सुमारास विजेवरचं ध्वनिमुद्रण सुरू झालं. त्याआधी गायक कर्ण्यापुढे गात आणि वेग नक्की ७८ असेच असं नाही. ७४ वर मुद्रित झालेली तबकडी ७८ वर लावली की जवळजवळ एक पट्टी चढते. पांढरी एकमधला गायक काळी एकमध्ये ऐकू येतो, ताना उगाच चपळ वाटतात आणि आपण 'काय तयारी होती!' म्हणून मान डोलावतो. वेग तपासायला रेघांची कागदी चकती लागते. ती फिरत्या तबकडीवर ठेवून विजेच्या दिव्याखाली बघायची; वेग बरोबर असला की रेघा स्थिर दिसतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून ७७ रेघांची चकती हवी. इंटरनेटवरून उतरवलेली पुष्कळदा अमेरिकन, ९२ रेघांची असते. तिच्या रेघा आपल्या दिव्याखाली स्थिर दिसतात तेव्हा तबकडी मिनिटाला ६५ फेऱ्यांवर रेंगाळत असते, म्हणजे गाणं तीन पट्ट्या खाली. बऱ्याच एलईडी दिव्यांखाली रेघा दिसतच नाहीत. तिथे निऑनचा छोटा दिवा कामी येतो.

संगणकावर घेताना आधी मूळ आवाज काहीही न गाळता डब्ल्यूएव्हीमध्ये जपावा आणि सफाई त्याच्या प्रतीवर करावी. खरखर काढणाऱ्या सॉफ्टवेअरला तंबोऱ्याची जवार, म्हणजे तारांचा झणझणता गुंजारवही, खरखरच वाटते. लेबलाजवळच्या गुळगुळीत पट्टीत कोरलेला क्रमांक छापील क्रमांकासोबत नोंदवावा, कारण ध्वनिमुद्रण नेमकं कोणतं हे त्यावरून कळतं.

ठेवताना तबकड्या उभ्या, दहा इंची आणि बारा इंची वेगळ्या. पंचवीस दहा इंची तबकड्या सहज चार-पाच किलो भरतात, थप्पी लावली की खालच्या तडकतात. पत्र्याखालचा माळा टाळावा. कोकणात प्लास्टिकच्या पिशव्याही टाळाव्यात, आत दमट हवा कोंडून बुरशी धरते.

आपला लेख वाचून कुणी स्पिरिट लावून बसलंच असेल, तर आता त्यावर तेल किंवा मेण चोळू नये. तबकडी वाळू द्यावी आणि थोड्या कमी-जास्त जाडीच्या सुया लावून पाहाव्यात. सुई खाचेच्या भिंतीवर थोडी वर किंवा खाली टेकते आणि तिथे कधी कधी शाबूत भाग सापडतो.

– एक तबकडीसंग्राहक, सांगली