ब्युनॉस आयर्सचे महाल स्पॅनिश राजांचे नव्हेत

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला अर्जेंटिनाच्या राजधानीतल्या, म्हणजे ब्युनॉस आयर्सच्या महालांवरचा लेख वाचला, फोटो झकास होते, छापलेपण मोठे, त्याबद्दल आधी थँक्यू. यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही त्या शहरात काही वर्षं राहिलोय आणि यातल्या बऱ्याच इमारतींच्या आत जाऊन आलोय, म्हणून लिहावंसं वाटलं. लेखात काही गोष्टी चुकल्यात आणि काही राहूनच गेल्यात.

पहिली चूक म्हणजे लेखक सरसकट 'स्पॅनिश राजवटीतले राजवाडे' म्हणतात. अहो, स्पॅनिश लोक १८१० नंतर तिथून गेले आणि हे महाल बहुतेक सगळे १९०० नंतरचे! स्पेनच्या काळात ब्युनॉस आयर्स म्हणजे एका कोपऱ्यातलं चिखलाचं बंदर होतं, व्हाइसरॉयसुद्धा तिथे १७७६ मध्ये बसवला, तोवर सगळा थाट पेरूमधल्या लिमाचा. त्यामुळे त्या काळचे भव्य वाडे ब्युनॉस आयर्समध्ये शोधायला गेलात तर हाताला फारसं काही लागत नाही.

मग हे महाल आले कुठून? तर गाई आणि गहू. पंपासच्या गवताळ मैदानात जनावरं आधीपासून भरपूर होती, पण मांस युरोपात पोचेपर्यंत टिकायचं नाही, म्हणून ते खारवायचे नाहीतर नुसतं कातडं विकायचे. १८७६ मध्ये एका फ्रेंच जहाजाने गारठवलेलं मांस समुद्रापार न्यायचा प्रयोग केला, पुढे बोटींमध्ये कोल्ड स्टोरेज आलं, रेल्वे आली, आणि इंग्लंडच्या ताटात अर्जेंटिनाचं बीफ पडायला लागलं. जमीन कुठून आली तेही सांगायला हवं, १८७८ ते १८८५ च्या दरम्यान जनरल रोकाच्या मोहिमेत तिथल्या मूळ रहिवाशांना मारून-हुसकावून दक्षिणेचा प्रचंड पट्टा ताब्यात घेतला आणि तो मोजक्या घराण्यांच्या घशात गेला. त्या घराण्यांचे लोक वर्षातले कित्येक महिने पॅरिसमध्ये काढायचे आणि तिथे 'अर्जेंटिनी माणसासारखा श्रीमंत' अशी म्हणच पडली होती. झुंबरांचं वर्णन दोन कॉलम आणि याबद्दल अक्षर नाही, हे काही पटलं नाही.

आणि ही मंडळी शहराच्या उत्तर भागातच का एकवटली, तर त्याला पिवळ्या तापाची साथ कारण आहे. १८७१ मध्ये साधारण १४ हजार माणसं काही महिन्यांत गेली, शहराची लोकसंख्या तेव्हा दोन लाखसुद्धा नव्हती म्हणजे विचार करा. पैसेवाले दक्षिणेकडचा सान तेल्मो भाग सोडून उत्तरेला पळाले, आणि त्यांचे मागे राहिलेले चौकाचे वाडे खोली-खोली भाड्याने द्यायला लागले, इटलीहून स्पेनहून बोटीने येणाऱ्या लोकांना, एका खोलीत अख्खं कुटुंब, चौकात एक नळ. पुण्याच्या जुन्या पेठांतले भाडेकरूंनी भरलेले वाडे ज्यांनी पाहिलेत त्यांना चित्र लगेच डोळ्यासमोर येईल. या घरांना तिथे कोन्व्हेन्तीयो म्हणतात. १९१४ च्या जनगणनेत शहर साडेपंधरा लाखांच्या वर गेलेलं आणि त्यातले जवळजवळ निम्मे परदेशात जन्मलेले. १९०७ मध्ये भाडेवाढीविरुद्ध या लोकांनी संप केला, भाडंच द्यायचं नाही, आणि बाया-पोरं झाडू घेऊन रस्त्यावर उतरली, घरमालकांना झाडून काढायला! नेमक्या त्याच वर्षांत उत्तरेकडच्या प्लाझा सान मार्टिन या चौकाभोवती महाल उभे राहत होते. दोन्ही एकाच गावात, चालत जायच्या अंतरावर.

आता लेखात ज्याचा सगळ्यात मोठा फोटो होता तो पालासिओ पास. लेखकाने तो 'एका जमीनदाराचा' म्हणून लिहिलंय. होसे सी. पास हा वर्तमानपत्रवाला हो, १८६९ मध्ये 'ला प्रेन्सा' काढणारा! वर्तमानपत्राच्या पुरवणीत नेमकं हेच निसटावं याची गंमत वाटली. याने १९०२ मध्ये महालाचं काम सुरू केलं, लुई सोर्ते नावाच्या फ्रेंच आर्किटेक्टकडून, जो अर्जेंटिनात कधी आलाच नाही, पॅरिसमधून नकाशे पाठवायचा आणि कार्लोस आगोते तिथे काम बघायचा. १२ हजार चौरस मीटर, १४० खोल्या, संगमरवरापासून बरंच सामान युरोपातून बोटीने आणलेलं. पासला देशाचा प्रेसिडेंट व्हायचं होतं असं तिकडे सगळे सांगतात आणि घराचा आकार बघून ते खरं वाटतं. १९१२ मध्ये तो मोंटे कार्लोला वारला, महाल १९१४ मध्ये पूर्ण झाला. म्हणजे मालक एक रात्रसुद्धा त्यात झोपला नाही. १९३८ मध्ये त्यातला मोठा भाग लष्करी अधिकाऱ्यांच्या क्लबने विकत घेतला, आजही त्यांच्याचकडे आहे, आत शस्त्रांचं म्युझियम आहे आणि गाईड घेऊन बघता येतो. बघाच, पण पायाला आराम पडेल असे बूट घालून जा.

१९३८ हे साल लक्षात ठेवा कारण माझा मुख्य मुद्दा तिथे आहे. प्लाझाच्या पलीकडचा आंचोरेना घराण्याचा महाल, आर्किटेक्ट क्रिस्टोफर्सनने १९०९ मध्ये पूर्ण केलेला, खरं म्हणजे एका अंगणाभोवतीची तीन घरं, आई आणि मुलांच्या संसारांसाठी, तो सरकारने १९३६ मध्ये घेतला आणि परराष्ट्र खात्याला दिला. एरासुरिस आणि आल्वेआर या जोडप्याचा महाल, जो रेने सर्जांने पॅरिसमध्ये बसून काढला (हाही अर्जेंटिनात कधी आला नाही, त्या लोकांना बहुतेक आर्किटेक्टने यावं असं वाटतच नसावं), तो १९३७ मध्ये सरकारने घेतला, आज तिथे डेकोरेटिव्ह आर्टचं नॅशनल म्युझियम आहे, एल ग्रेको या जुन्या नामांकित चित्रकाराचं चित्र आहे. सर्जांचाच बॉश महाल अमेरिकन सरकारने १९२९ मध्ये घेतला, अमेरिकन राजदूत तिथे राहतात. ओर्तिस बासुआल्दोंचा महाल १९३९ मध्ये फ्रान्सने वकिलातीसाठी घेतला. सगळी विक्री दहा वर्षांत! १९२९ च्या मंदीत मांस-गव्हाचे भाव कोसळले, आणि वर तिथल्या कायद्याने इस्टेट सगळ्या मुलांत वाटावी लागते, मग १४० खोल्यांचं घर पाच भावंडांनी कसं वाटायचं आणि नोकरांचे पगार कोणी द्यायचे. ज्या वैभवाचे गोडवे लेखात गायलेत ते एकेका घरात जेमतेम वीस-पंचवीस वर्षं टिकलं.

म्हणजे जे महाल टिकले ते गिऱ्हाईक योग्य वेळी मिळालं म्हणून. सरकार, वकिलाती, क्लब, नंतर हॉटेलं. लेखक म्हणतात 'अर्जेंटिनी जनतेने आपला वारसा प्राणपणाने जपला'. काही जणांनी जपला हे खरंय, पण कितीतरी महाल पाडून तिथे फ्लॅट झाले. फ्रेंच वकिलातीचंच बघा. नऊ जुलै अव्हेन्यू हा अवाढव्य रस्ता उत्तरेकडे वाढवायचा म्हणून वाटेतल्या इमारतींचे ब्लॉकच्या ब्लॉक उडवले, फक्त फ्रान्सने आमची वकिलात पाडायला देणार नाही म्हणून सांगितलं, स्थानिक लोकांनीपण विरोध केला, आणि ती वाचली. मालक एखादं साधं कुटुंब असतं तर?

याच्या उलट गोष्ट उनसुए महालाची, आणि ती लेखात नाही याचं मला फार आश्चर्य वाटलं. हा महाल सरकारने १९३७ मध्ये घेऊन प्रेसिडेंटचं निवासस्थान केला. प्रेसिडेंट पेरॉन आणि त्यांची बायको एविटा तिथे राहायचे, एविटा २६ जुलै १९५२ ला तिथेच वारली, बाहेर पावसात लोक उभे. १९५५ मध्ये लष्कराने पेरॉनला घालवलं आणि नंतर तो महाल पाडून टाकला, तिथे लोक फुलं घेऊन यायला नकोत म्हणून. घर मजबूत होतं, रस्त्याच्या आड येत नव्हतं, नुसती आठवण नको होती. त्या जागेवर नॅशनल लायब्ररी बांधायचं ठरलं, क्लोरिन्दो टेस्ता आणि सहकाऱ्यांचं डिझाइन, काँक्रीटच्या चार जाड पायांवर उभी, आणि ती उघडायला १९९२ साल उजाडलं! मला व्यक्तिशः ती इमारत आवडते, आमच्या घरात यावर दोन तट आहेत.

आणखी एक चूक प्लाझाजवळच्या उंच कावानाग बिल्डिंगची. कोरिना कावानागने आंचोरेना बाईंवर सूड म्हणून त्यांच्या महालातून त्यांनी बांधलेलं चर्च दिसू नये असा टॉवर बांधला, ही प्रेमभंगाची कथा लेखात खरी म्हणून छापलीय. टुरिस्ट गाईड ती रोज सांगतात, मीपण पाहुण्यांना सांगायचे, मजा येते ऐकायला. पण त्या बाई, मर्सेडेस आंचोरेना, १९२० मध्येच वारल्या, आणि टॉवर १९३६ चा. सूड कोणावर उगवायचा मग? चर्चचा पैसा त्या बाईंचा होता आणि त्यांना पुरलंय तिथेच, एवढं मात्र खरं. आणि कथा बाजूला ठेवली तरी त्या इमारतीला महत्त्व आहे, १२० मीटर उंच, तेव्हाची लॅटिन अमेरिकेतली सगळ्यात उंच, आणि आत भाड्याने द्यायचे फ्लॅट, एकटीदुकटीला पुरतील असे सुद्धा. श्रीमंतांनी नोकरांच्या फौजेसकट महालात राहायचं बंद केलं, ते चौकाच्या कोपऱ्यावर उभं राहून बघता येतं.

लेखाच्या शेवटी 'क्रमशः' लिहिलंय, तर पुढच्या भागात कोन्व्हेन्तीयोचा एखादा जुना फोटो आणि उनसुए महालाचा एक फोटो जरूर छापा. आणि स्पॅनिश काळातलेच वाडे दाखवायचे असतील तर लिमाला जा, तिथला तोर्रे ताग्ले महाल १७३५ चा आहे, कोरीव लाकडी बंद गॅलऱ्या इतक्या सुंदर की मान दुखेपर्यंत वर बघत राहाल, आणि योगायोग म्हणजे तोही परराष्ट्र खात्याकडेच आहे.

कळावे,
आपली एक नियमित वाचक