अँगलसीच्या डॉक्टरकाकांना

डॉक्टरकाका,
सा. न.

तुमचा नंबर ज्या पावतीमागे लिहून घेतला होता, ती पावती जीन्सबरोबर मशीनमध्ये धुऊन निघाली. म्हणून हे पत्र असं चारचौघांत. तिकडच्या कुणा मराठी माणसाच्या नजरेस पडलं तर तो तुमच्यापर्यंत पोचवेलच.

अँगलसी बेटावरच्या केमाइस गावाच्या स्टॉपवर आमच्या डोळ्यांदेखत बस निघून गेली होती आणि अण्णा भर रस्त्यात मला झापत होते. तेवढ्यात मागून तुमचा आवाज आला, "कोल्हापूर का?" वेल्सच्या पार उत्तर टोकाला! अण्णांचा राग जागच्या जागी विरला. पुढचा अख्खा दिवस तुम्ही आम्हाला गाडीतून फिरवलंत, आणि पेट्रोलचा विषय काढला की खिडकीची काच खाली करून वाऱ्याचा आवाज वाढवत होतात, हे माझ्या लक्षात आलं होतं बरं का.

लानबॅड्रिगचं चर्च. 'लान' म्हणजे चर्चची जागा आणि 'बॅड्रिग' म्हणजे पॅट्रिक, हे तुमच्यामुळे कळलं. समोरच्या खडकाळ बेटावर संत पॅट्रिकचं गलबत फुटलं, तो पोहत किनाऱ्याला लागला आणि इ.स. 440 मध्ये त्याने इथे चर्च बांधलं, अशी दंतकथा. आजची इमारत अर्थात पुष्कळ नंतरची. पण आत शिरल्यावर अण्णा थबकले ते निळ्या फरशांपाशी. "आयला, इथं विजापूर कुठनं आलं?" मग तुम्ही लॉर्ड स्टॅन्लींची हकीकत सांगितलीत. हे गृहस्थ मुसलमान झालेले, ब्रिटिश लॉर्ड्सच्या सभागृहातले पहिले मुस्लिम सदस्य, आणि 1884 मध्ये या चर्चच्या दुरुस्तीचा खर्च त्यांनी उचलला. म्हणून त्या भौमितिक नक्षीच्या फरशा. मी फोटो काढत राहिले, अण्णा मात्र पाच मिनिटांत बाहेर. देवळातही त्यांचं असंच असतं.

खरे आभार मानायचे आहेत ते पुढच्या गोष्टीचे. अण्णांनी तीस वर्षं शिरोलीच्या फौंड्रीत भट्टीचं लायनिंग, म्हणजे आतलं अस्तर, केलं, हे तुम्ही बोलता बोलता काढून घेतलंत आणि गाडी पोर्थ वेनच्या जुन्या वीटकारखान्याकडे वळवलीत. मँचेस्टरला दीड महिना राहून मला जे सुचलं नाही, ते तुम्हाला तासाभरात सुचलं.

तो विटांचा कारखाना 1949 मध्ये बंद पडलेला. पडक्या भिंती धोक्याच्या आणि जागा खाजगी, म्हणून खाली उतरायचं नाही, हे तुम्ही आधीच बजावलंत. कड्यावरच्या पायवाटेवर घडीचं स्टूल मांडलंत, अण्णांच्या हातात दुर्बीण दिलीत आणि बाजूला झालात. खाली समुद्राला चिकटून घुमटासारख्या तीन गोल भट्ट्या, उंच धुराडं, मोडका धक्का. डोंगरावरचा गारगोटीचा दगड उतारावरच्या रुळांवरून खाली यायचा, भरडला जायचा आणि त्याच्या सिलिका विटा पोलादाच्या भट्ट्यांसाठी बोटीने जायच्या. अण्णा बोलायला लागले ते थांबेनात. "आम्ही सिलिकाचा मास, म्हणजे भुकटी, भट्टीत ठोकून बसवायचो, ह्यांनी त्याच्या विटा भाजल्या. माल तोच!" आग घुमटाला आपटून विटांमधून खाली कशी खेचली जाते आणि जमिनीखालच्या नळातून धुराड्याकडे कशी जाते, ते त्यांनी हवेत बोटाने काढून दाखवलं. मग धक्क्याकडे बघून म्हणाले, "बोट लावायला जागा बेकार निवडली." खाडी उत्तरेला उघडी, त्यामुळे बोटींचे हाल व्हायचेच, असं तुम्ही सांगितलंत तेव्हा त्यांची कॉलर ताठ झाली.

आई गेल्यापासून मी त्यांना इतकं बोलताना ऐकलं नव्हतं.

परतताना तिथल्याच पॅरिस नावाच्या डोंगरावरची तांब्याची खाणही दाखवलीत. लाल-पिवळा खड्डा बघून मी गप्प झाले, अण्णांचा जीव मात्र रोलंड पू या खाणकामगारात अडकला. 2 मार्च 1768 ला त्याला तांब्याचा मोठा साठा लागला. बक्षीस काय, तर व्हिस्कीची एक बाटली आणि बिनभाड्याचं घर. "एकच बाटली?" हे अण्णांनी गाडीत तीनदा विचारलं.

आता ते कोल्हापुरात आहेत. संध्याकाळी कट्ट्यावर फौंड्रीतल्या जुन्या दोस्तांना पोर्थ वेनची भट्टी खडूने काढून दाखवतात. आणि एक कबुलीही द्यायची आहे: तुमच्या दुर्बिणीचं पुढचं झाकण त्यांच्या स्वेटरच्या खिशातून कोल्हापूरला गेलंय. पत्ता कळवा, पाठवते. सोबत कांदा-लसूण चटणी पाठवायची आहे, असं अण्णांचं म्हणणं.

तुमची,
बस चुकलेली मुलगी