टोकियोला निघालेल्या अमेयला

चि. अमेय,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर आवाज चढला, तो विषय आता काढत नाही. कामाचंच लिहिते.

तिथे प्रस्ताव थेट बैठकीत मांडू नकोस. आधी नेमावाशी, म्हणजे पडद्यामागची पूर्वतयारी. ज्या ज्या विभागाला झळ बसणार, त्याच्या काचोला, म्हणजे प्रमुखाला, एकट्याला गाठ, आकडे दाखव, शंका तिथेच मिटव. मग रिंगीशो, म्हणजे मंजुरीचा कागद, फिरव; खालून वर एकेक संमती चढत जाते. एक विभाग जरी वगळलास तरी कागद नेमका तिथे अडतो, आणि का अडला ते तोंडावर कुणी सांगत नाही. 'विचार करतो' म्हणाले की बहुतेक वेळा नकारच समज.

सोनीच्या अकिओ मोरितांचं उदाहरण तू नेहमी देतोस. 1955 मध्ये बुलोव्हा या अमेरिकी घड्याळ कंपनीने 1 लाख रेडिओंची ऑर्डर देऊ केली, पण नाव बुलोव्हाचं हवं होतं. टोकियोतून 'घ्या' असा निरोप येऊनही मोरितांनी ती नाकारली. मला मात्र 1963 जास्त मोलाचं वाटतं. फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरची सोनीची शोरूम आदल्याच वर्षी उघडली होती, येऊन-जाऊन भागलं असतं. तरी पत्नी योशिको आणि तिन्ही मुलांना घेऊन ते न्यूयॉर्कला राहायला गेले. गिऱ्हाईक घरात कसं जगतं, हे हॉटेलच्या खोलीतून दिसत नाही.

बघ, आलेच तिथे. मृणाल आणि ईराला 'नंतर बघू' म्हणून मागे ठेवू नकोस. एकट्याने बदलीवर गेलेली माणसं रात्री अकराला कोम्बिनीतली, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातली, ओनिगिरी (भाताचा गोळा) खाऊन झोपतात, आणि घर सुट्टीपुरतं उरतं. तू ईराएवढा होतास तेव्हा बाबा भिलाईहून आले की दाराआड लपायचास. बॅग उघडेपर्यंत बाहेर यायचा नाहीस.

पुन्हा शिकवायला लागले, रागावू नकोस. इथून थेट मुख्य कार्यालयात बोलावून विभाग हाती देतात, हे किती मोठं आहे ते मला कळतं. माईआत्याला तीनदा सांगून झालं. पण 1993 मध्ये टेनिस खेळताना मोरितांना पक्षाघात झाला आणि पुढच्या वर्षी अध्यक्षपद सोडावं लागलं, हेही मला आठवतं. बाबांचं बीपी तुझ्यातही आहे. वर्षाची तपासणी कंपनीच करते, रिपोर्ट मात्र मृणालला दाखव.

दोघींचं व्हिसासाठी लागणारं सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटी तुझ्याच अर्जाबरोबर मागायला एचआरला सांग. ते निघाल्यापासून साधारण 3 महिन्यांत तिथे पोचावं लागतं, म्हणून ईराची परीक्षा धरून तारीख ठरव. घर मिळालं की 14 दिवसांत वॉर्ड ऑफिसात पत्त्याची नोंद. टोकियोतल्या निशी-कासाईत घर बघ, तिथे भारतीय वस्ती आहे, मृणालला सोबत मिळेल.

विवाहाचा दाखला आणि ईराचा जन्मदाखला, दोन्हींचं जपानी भाषांतर मी करून ठेवलं आहे. पासपोर्टवरची स्पेलिंग तेवढी मृणालकडून ताडून घे आणि मला कळव, म्हणजे शनिवारी कुरिअर करते.

तुझी,
आई