काका, डीएक्स-६० बोलू लागला

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

रविवारी सकाळी हौशी रेडिओच्या चाळीस मीटर पट्ट्यावर कोल्हापूरच्या स्टेशनाने आपल्या हीथकिट डीएक्स-६० ट्रान्समीटरला (संदेश पाठवणाऱ्या सेटला) ५९९ असा सिग्नलचा शेरा दिला. पहिला आकडा वाचनीयतेचा, दुसरा सिग्नलच्या जोराचा, तिसरा टोनचा. शेवटचा नऊ तुमचा, काका. म्हणूनच हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय.

फोंड्याच्या घरात माळ्यावर कित्येक पावसाळे काढलेला सेट. तो थेट मेन्सला लावायचा नाही, हे तुम्ही पहिल्याच फोनवर बजावलंत आणि कारणही सांगितलंत. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर वर्षानुवर्षं पडून राहिला की आतला ऑक्साइडचा थर झिजतो. एकदम पूर्ण व्होल्टेज दिलं तर तो तापतो, फुटतो, जाताना ट्रान्सफॉर्मरही नेतो. तो ट्रान्सफॉर्मर आता कुठून आणणार? म्हणून फिल्टरचे कपॅसिटर बदलले, त्यांच्यावरचे रेझिस्टरही बदलायला लावलेत, मगच बल्ब सिरीजमध्ये घालून हळूहळू वीज दिली. टोनमधली गुरगुर गेली ती त्यामुळे.

बँड स्विचचं, म्हणजे एका पट्ट्यावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या स्विचचं, काम तर मी कधीच विसरणार नाही. आपल्या दमट हवेने त्याचे कॉन्टॅक्ट काळे ठिक्कर पडले होते. तुम्ही पॉलिश पेपर बाजूला ठेवायला लावलात, कारण वरचा चांदीचा मुलामा गेला की स्विच कायमचा गेला. वहीच्या कागदाची बारीक पट्टी अल्कोहोलमध्ये भिजवून पात्यांमधून ओढलीत. पट्टी काळी, दुसरी करडी, मग पांढरी. पूर्ण दुपार तुम्ही त्यात घालवलीत, या वयात, डिचोलीहून बसने येऊन.

६१४६ या शेवटच्या, शक्ती देणाऱ्या ट्यूबच्या प्लेटवर सहाशेच्या वर व्होल्ट असतात. प्लग काढला तरी कपॅसिटर भरलेलेच असू शकतात. पीव्हीसी पाइपची, टोकाला हूक आणि अर्थिंगची वायर असलेली काठी तुम्ही करून दिलीत. ती टेबलाशीच टांगलेली असते. माझा मुलगाही आता आधी काठी लावतो, मग हात घालतो. यासाठी तुमचे आभार कोणत्या शब्दांत मानू?

चहा घेताना तुम्ही सांगितलेलं मी मुलाला सांगितलं: मुक्तीपूर्वी गोव्याचा प्रीफिक्स, म्हणजे स्टेशनाच्या नावाची सुरुवातीची अक्षरं, सीआर८ होता, डीएक्ससीसी या देशोदेशींच्या संपर्कांसाठीच्या हौशी रेडिओ पुरस्काराच्या यादीत गोवा वेगळा मोजला जाई, आणि १९६१ अखेर ते नाव यादीतून गेलं. आपला सेट १९६२ चं मॉडेल, म्हणजे त्याच्या नशिबी गोव्यातून व्हीयू हा भारताचा प्रीफिक्सच. मुलाला तेव्हापासून मोर्स शिकायचाय.

एएमचं, म्हणजे आवाज पाठवण्याचं, काम बाकी आहे. ऑडिओतला कपलिंग कपॅसिटर मीटरवर ठीक दाखवतो, पण तुम्ही म्हणालात तसा कामाच्या व्होल्टेजवर गळतो आणि पुढच्या ट्यूबचं ग्रिड पॉझिटिव्ह करतो. नवीन मागवलाय. चवथ झाली की बसवू. या खेपेला बसने येऊ नका, मी न्यायला येतो. काकूंनाही आणा.

तुमचा,
फोंड्याचा विद्यार्थी