मंत्रीसाहेब, मेट्रोचा डबा आधी ठाणेकरांना आत उभं राहून बघू द्या

मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र शासन

साहेब, सप्रेम नमस्कार.

वडाळा ते कासारवडवली मेट्रो ४ आणि पुढे गायमुखपर्यंतची ४अ, दोन्ही मिळून साधारण ३५ किलोमीटर आणि ३२ स्टेशनं. हे सगळं उभं राहताना घोडबंदर रोडच्या आम्ही लोकांनी बॅरिकेड, खड्डे, मानपाडा आणि माजिवड्याचं ट्रॅफिक वर्षानुवर्षं सोसलंय. २०२५ च्या घटस्थापनेला गायमुखकडे ट्रायल रन झाली तेव्हा इकडे खरंच सणासारखं वाटलं. पण पिलर, स्टेशन, तारीख, तिकीट यावर सगळे बोलतात आणि ज्या डब्यात आम्ही रोज सकाळ-संध्याकाळ असणार तो आतून कसा असावा हे आम्हाला कोणी विचारलेलं नाही, म्हणून हे पत्र.

आधी एक मान्य करूया की ठाण्याची मेट्रो भरून जाणार आणि बहुतेक लोक उभेच असणार. मग डबा उभ्या माणसासाठी बनवा ना. माझी उंची पाच फुटांच्या आसपास आहे, माझ्यासारख्या हजारो बायका, म्हातारी माणसं, शाळेची मुलं. वरचा आडवा दांडा आमच्या हाताला लागत नाही, लोंबणारं हँडल धरायचं तर खांदा दुखेपर्यंत हात वर, आणि गाडीने ब्रेक मारला की आम्ही थेट पुढच्याच्या अंगावर. जपानच्या लोकल गाड्यांमध्ये काही हँडल खाली, काही वर, अशी वेगवेगळ्या उंचीवर लावतात, ही किती साधी गोष्ट आहे बघा. आणि दाराजवळचा उभा खांब, त्याला एक माणूस पाठ टेकून उभा राहिला की बाकी कोणाला धरायला जागाच उरत नाही, तो वर जाऊन तीन फाट्यांचा झाला तर चार-पाच हात सहज मावतात.

दुसरं बॅगेचं. लोकलमध्ये सीटच्या वर रॅक असतो, अनोळखी माणूससुद्धा हात पुढे करून आपली बॅग वर ठेवून देतो, चौथ्या सीटवर अर्धं टेकलेल्याची पण बॅग वर असते. मेट्रोत रॅक नाही. लॅपटॉप, डबा, पावसाळ्यात ओली छत्री, सगळं अंगावर, म्हणजे एक माणूस दीड माणसाची जागा घेतो. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ लोकलच्या दारात लटकलेली माणसं पडली, जीव गेले, तेव्हा पाठीवरच्या बॅगा एकमेकांना घासल्या असं कारण सांगितलं गेलं होतं. खरं कारण जीवघेणी गर्दीच, पण बॅग कुठे ठेवायची हा प्रश्न किती गंभीर आहे ते त्या दिवशी कळलं. त्यानंतर रेल्वेने बंद दारांची नॉन-एसी लोकल आणायचं ठरवलं, दाराला हवा येईल अशा फटी, छतावर हवा खेळवणारं यंत्र, एका डब्यातून दुसऱ्यात जायची वाट. म्हणजे डिझाइन बदलता येतं, फक्त ते माणसं गेल्यावर बदलू नये एवढंच म्हणणं आहे. मेट्रोत बेवारस बॅगेची भीती वाटत असेल तर आरपार दिसणारा जाळीचा रॅक लावा.

दारांबद्दल न्यूयॉर्कचं उदाहरण देते. तिथल्या सबवेच्या, म्हणजे भुयारी रेल्वेच्या, नव्या आर२११ गाड्यांना दारांची रुंदी ५० इंचांवरून ५८ इंच केली, कारण स्टेशनवर चढउतारीत वेळ जातो आणि मागची गाडी अडकते. आपल्याकडे माजिवडा, कापूरबावडीसारख्या ठिकाणी एकदम लोंढा चढणार, उतरणार, तिथे हे किती महत्त्वाचं आहे ते तुम्ही ठाणेकर असल्यामुळे मला समजवायची गरज नाही.

आणि बायकांची जागा. डबे आतून जोडलेले असतात ते मला आवडतं, गर्दी पसरते, रात्री एकटी असले तर माणसं दिसतात, सुरक्षित वाटतं. पण महिलांसाठी राखीव भाग कुठे सुरू होतो हे एका स्टिकरवर सोडलं तर ऑफिस टाइमला तो भाग राहत नाही. जमिनीचा रंग वेगळा करा, सीटचा रंग वेगळा करा, म्हणजे रोज आम्हालाच भांडावं लागणार नाही. दाराशेजारी घडी होणाऱ्या सीट ठेवल्या तर व्हीलचेअर, बाबागाडी आणि पहाटे फुलांची टोपली घेऊन निघणारी बाई, सगळ्यांना जागा मिळेल. लोकलला लगेजचा डबा आहे, मेट्रोत त्या बाईने जायचं कुठे?

अनाउन्समेंट मराठीत आधी आणि स्पष्ट हवी, दार कुठल्या बाजूला उघडणार ते दारावरच दिसायला हवं. हे होईलच असं धरते.

आता मुख्य मागणी. न्यूयॉर्कमध्ये याच आर२११ गाडीचा पूर्ण आकाराचा नमुना २०१७ च्या शेवटी एका सबवे स्टेशनात ठेवला होता, लोक आत गेले, उभे राहिले, बसले, मतं दिली. गाडी प्रवाशांना घेऊन धावायला लागली २०२३ मध्ये. म्हणजे आधी विचारलं, मग गाडी आली. तसाच एक डबा, लाकडाचा असला तरी चालेल, गावदेवी मैदानात किंवा माजिवड्याला पंधरा दिवस ठेवा. संध्याकाळी आठ-नऊपर्यंत उघडा ठेवा म्हणजे नोकरीवाले येऊ शकतील, आंधळ्या आणि व्हीलचेअरवरच्या लोकांना मुद्दाम बोलवा, आणि त्यात एकाच वेळी शंभर-दीडशे माणसं उभी करून बघा, रिकाम्या डब्यात काहीच कळत नाही. मेट्रो ४ मध्ये निदान हँडल, खांब, रॅक एवढं तरी बदलता येईल. आणि ठाण्याची रिंग मेट्रो, २९ किलोमीटर, २२ स्टेशनं, त्यातली दोन जमिनीखाली, तिचं टार्गेट २०२९ आहे, तिच्या गाड्यांसाठी हे सगळं पहिल्यापासून करता येईल. लोकांनी काय सांगितलं, त्यातलं काय घेतलं आणि काय का नाही घेतलं, ते मराठीत जाहीर करा.

नमुना कधी आणि कुठे ठेवणार ते कळवा, मी पहिल्याच दिवशी येईन, सोसायटीतल्या बायकांना घेऊन.

आपली,
घोडबंदर रोडची एक रोजची प्रवासी