नान्नजच्या माळावरच्या शाळेसाठी आवाहन

सप्रेम नमस्कार,

पाऊस बरा झाला, सोलापूरजवळचा आपला नान्नजचा माळ हिरवा झाला आणि शाळांचे फोन सुरू झाले. शाळेतल्या मुलांना माळावर नेऊन गवत, पक्षी, प्राणी दाखवायच्या आपल्या फेऱ्यांचे दिवाळीपर्यंतचे सगळे शनिवार भरले आहेत. उरलेल्या शाळांना ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणावे लागते आहे, आणि ते आम्हाला जड जाते. म्हणून हे पत्र.

जुन्या सभासदांना सगळे ठाऊकच आहे, नव्यांसाठी सांगतो. १९७९ साली इथे माळढोक या दुर्मिळ, मोठ्या पक्ष्यासाठी माळढोक अभयारण्य झाले. १९८०च्या दशकात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे पक्षीतज्ज्ञ डॉ. असद रहमानी आणि त्यांचे सहकारी माळढोकाच्या अभ्यासासाठी नान्नजला आले. पुढे लांडग्यांचाही अभ्यास इथे झाला. बाहेरचे अभ्यासक आपला माळ वाचत होते आणि मार्डी-कारंबा या शेजारच्या गावांतल्या पोरांना मात्र माळ म्हणजे पडीक जमीन, एवढेच माहीत होते. त्यात राग वेगळाच. अभयारण्याची हद्द आधी ८,४९६ चौरस किलोमीटर होती. जमिनीचे व्यवहार अडले, गावागावांत कपाळाला आठ्या पडल्या. हद्द १,२२२ वर आली, तरी मनातली अढी लगेच गेली नाही. अशा दिवसांत आपल्या गुरुजींनी स्वतःच्या वर्गाची पोरे वनखात्याची परवानगी काढून माळावर नेली. तीच आपली सुरुवात. आज ज्या घरांतून तेव्हा विरोध झाला, त्याच घरांतल्या मुली शहरातल्या शाळांना माळ दाखवतात.

गुरुजींनी निवृत्तीनंतर मिळालेल्या रकमेतून पहिल्या दुर्बिणी घेतल्या. सुतार मामांनी मीटरभर लांबी-रुंदीच्या लाकडी चौकटी करून दिल्या, एक पैसा घेतला नाही. तुटली की आजही तेच बसवून देतात. ती चौकट गवतावर ठेवून आतली गवते वेगळी करायला सांगितले की मुले आधी म्हणतात, ‘सगळं सारखंच आहे.’ अर्ध्या तासाने मारवेल, पवन्या, कुसळी, डोंगरी अशी नावे घेऊन भांडत असतात. आणि धनगरवाड्यावरचे आण्णा! कुसळीचे वाळलेले कुसळ ते मुलाच्या ओल्या तळहातावर ठेवतात. पाणी लागताच ते पीळ सोडत गरगर फिरू लागते. याच फिरण्याने बी जमिनीत रुततं आणि मेंढीच्या लोकरीतही शिरतं, हे आण्णा सांगतात तेव्हा एकही पोर जागचे हलत नाही. त्यांनी मानधन कधी घेतले नाही. वाटेतल्या वस्तीवरच्या काकूंनी तर कित्येक फेऱ्यांची खिचडी स्वतःच्या शिध्यातून केली. या सर्वांचे ऋण फिटणारे नाही.

आता मनातले एक बोलतो. गेल्या वर्षीही आवाहन केले होते. सभेत टाळ्या भरपूर मिळाल्या, पेटी हलकीच राहिली. एका मोठ्या देणगीदारांनी ‘झाडे लावत असाल तर देतो’ म्हणून कळवले. नम्रपणे नाही म्हणावे लागले, कारण आपल्या माळाचे नुकसान मुद्दाम लावलेल्या ग्लिरिसिडिया या परदेशी झाडानेही केले आहे. माळढोकाला दूरवर नजर जाईल असे उघडे रान लागते. झाडी वाढली की तो ती जागा सोडतो. झाडासाठी पैसे निघतात, गवतासाठी निघत नाहीत, याचे वाईट वाटते. ‘माळढोकच दिसत नाही, मग मुलांना दाखवता काय?’ असेही काहींनी विचारले. खरे आहे, मोकळ्या रानातले माळढोक आता देशभरात दीडशेच्या आसपास, बहुतेक राजस्थानात. पण काळवीट, खोकड, लांडगा, धाविक पक्षी इथे आहेत, हिवाळ्यात मध्य आशियातून भोवत्या हे शिकारी पक्षी येतात. माळढोक गेला तशी हीही जातील, कारण सरकारी नोंदीत गवताळ रान अजून ‘पडीक’ गणले जाते. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे माळराने आणि पशुपालकांचे वर्ष ठरवले. आपल्या तालुक्याने त्यात काहीच करू नये का?

गरज अशी : एका फेरीचे बसभाडे, खिचडी, पाणी मिळून साधारण साडेसात हजार रुपये, एक फेरी एका घराने किंवा चार मित्रांनी मिळून उचलावी. दुर्बिणी निदान दहा. वाटाडे म्हणून येणारे तरुण-तरुणी (प्रशिक्षण दोन रविवार, मोफत, पांढरे कपडे नकोत, पायात बूट हवेत). धनादेश संस्थेच्या नावे, रोख कार्यालयात सायं. ६ ते ८, सोमवार बंद, पावती जरूर घ्यावी. घटस्थापनेपूर्वी कळवल्यास दिवाळीनंतरच्या फेऱ्या ठरवता येतील.

आपला,
कार्यवाह

ता. क. : वापरलेल्या दुर्बिणीही चालतील, फक्त भिंगाला बुरशी नसावी.